पतसंस्थेचं सॉफ्टवेअर नव्याने लिहायचंय: पैसा फायरवॉलवर घालायचा की डिझाइनवर?

लोकल_होस्ट

परळ, लालबाग आणि भांडुप अशा तीन शाखा असलेल्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आमची तिघांची टीम नव्याने लिहितेय. सभासद साधारण अकरा हजार, पिग्मी प्रतिनिधी (रोज दारोदार ठेव गोळा करणारे) २८, प्रत्येकाच्या दिवसाला सरासरी १२० पावत्या. सध्याचं सॉफ्टवेअर पीएचपी ५.६ आणि मायएसक्यूएलवर आहे, टेबलं मायआयसॅम या जुन्या प्रकारची. सर्व्हर परळ शाखेत तळमजल्यावर, कॅशिअरच्या मागच्या खोलीत. नव्यात सभासदांसाठी मोबाइल ॲप, यूपीआयने हप्ता भरणं आणि ॲपमधून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवणं हवंय.

संचालक मंडळात दोन तट पडलेत. पहलगाम हल्ल्यानंतर देशभरातल्या संकेतस्थळांवर १५ लाख सायबर हल्ले झाले, ही महाराष्ट्र सायबरने (राज्याच्या सायबर पोलीस विभागाने) मे २०२५ मध्ये दिलेली बातमी एका संचालकांनी कापून ठेवलीय. त्यांना आधी मोठा फायरवॉल हवा, बाकीचं मागाहून. दुसऱ्या गटाला एका सल्लागाराचा आराखडा पसंत आहे: अकरा मायक्रोसर्व्हिसेस (एकाच सॉफ्टवेअरचे स्वतंत्र चालणारे तुकडे), ते सांभाळायला कुबरनेटीस, मधे निरोपांची रांग म्हणजे मेसेज क्यू. खर्च एकाच कशावर तरी होईल. तुम्ही काय कराल? ओटीपीचं काय करावं, तेही सांगा.

खतावणी

आधी भागाकार करू. २८ गुणिले १२० म्हणजे दिवसाला ३,३६० पावत्या. आठ तासांत विभागल्या तर साडेआठ सेकंदांना एक. जुना लॅपटॉपसुद्धा हे झोपेत करेल. अकरा सर्व्हिसेस म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खर्चापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. नावे एका सर्व्हिसमध्ये आणि जमा दुसऱ्या सर्व्हिसमध्ये गेली की मधलं नेटवर्क तुटल्यावर अर्धी नोंद लटकते. मग ती मागे फिरवायला वेगळा कोड, तो कोड अर्ध्यात पडला तर त्याच्यासाठी आणखी वेगळा. एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये मिटतं, म्हणजे सगळं लिहिलं जातं किंवा काहीच नाही. तेव्हा ॲप्लिकेशन एकच ठेवा, पण आत भिंती पक्क्या घाला: सभासद, ठेव, कर्ज, पिग्मी, लेखा. प्रत्येकाचा स्कीमा (टेबलांचा कप्पा) वेगळा, डेटाबेस यूजर वेगळा. लेख्याच्या टेबलांत लिहायचा अधिकार फक्त लेखा मॉड्यूलला, बाकीच्यांनी त्याचं फंक्शन बोलवायचं. भिंत डेटाबेसच्या परवानगीत असू द्या. फोल्डरच्या नावातली भिंत तिसऱ्या महिन्यात कोणीतरी घाईत ओलांडतंच.

स्थलांतराआधीचं एक काम टाळू नका. मायआयसॅम ट्रान्झॅक्शन पाळतच नाही. रोलबॅक (लिहिलेलं मागे घ्या) असा हुकूम दिला तर एक वॉर्निंग येते आणि लिहिलेलं तसंच राहतं. म्हणजे गेल्या काही वर्षांत जिथे जिथे मधेच वीज गेली किंवा कोड फाटला, तिथे अर्ध्या नोंदी पडून असणार. प्रत्येक व्हाउचरची जमा आणि नावे जुळते का, ही क्वेरी आज चालवा. न जुळणाऱ्यांची यादी लेखापरीक्षकाला दाखवून, सहीनिशी निकाली काढा आणि मगच डेटा हलवा. नंतर निघालेला प्रत्येक फरक नव्या सॉफ्टवेअरच्या नावावर जमा होतो.

लेख्याचा नियम जुन्या मुनीमांचाच ठेवा. रोजकीर्द शाईने लिहायची, खोडायची नाही. नोंदींच्या टेबलावरून ॲप्लिकेशनच्या यूजरचे अपडेट आणि डिलीट हे दोन्ही अधिकार काढून घ्या. चूक झाली तर मूळ व्हाउचर क्रमांक देऊन उलट नोंद. खात्यातली शिल्लक सोयीसाठी साठवा हवी तर, पण रोज रात्री नोंदींवरून ती नव्याने काढून साठवलेल्याशी ताडून पाहा. एका पैशाचा फरक आला तरी सकाळी काउंटर उघडण्याआधी कोणालातरी मेसेज गेला पाहिजे.

रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून. फ्लोट, म्हणजे संगणकाचा अंदाजे दशांश आकडा, कुठेही नको. व्याजात राउंडिंग कुठे करायचं ते एकदाच ठरवा आणि लिहून ठेवा. ₹१०,००० वर ७ टक्क्यांनी ९१ दिवसांचं व्याज १७४.५२०५ येतं, म्हणजे ₹१७४.५२. हेच व्याज कोणी रोजचं राउंड करून जमवलं तर दिवसाला १.९२ आणि ९१ दिवसांचे ₹१७४.७२. वीस पैसे किरकोळ वाटतात, पण अशा अकरा हजार खात्यांवर ₹२,२०० होतात आणि तेरीज (सगळ्या खात्यांचा जमा-नावे गोषवारा) जुळेपर्यंत हिशेबनीसाची रात्र जाते.

दोन ठिकाणांहून एकाच वेळी पैसे काढण्याचं विसरू नका. लालबागच्या काउंटरवर आणि ॲपवर, दोघांनाही शिल्लक ₹५,००० दिसते, दोघेही ₹५,००० काढतात. ओळ कुलूपबंद करून वाचायची, म्हणजे सिलेक्ट फॉर अपडेट. ट्रान्सफरमध्ये दोन खाती असतात, तिथे कुलूप नेहमी लहान खाते क्रमांकाला आधी. नाहीतर अ कडून ब आणि ब कडून अ एकाच क्षणी आले की डेडलॉक ठरलेला, दोघेही एकमेकांच्या कुलपाची वाट पाहत अडकतात.

आता तुमच्या संचालकांसाठी. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ₹९४.४२ कोटी गेले. ११ ऑगस्टला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि १३ तारखेला स्विफ्टवरून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोप यंत्रणेवरून) ₹१३.९२ कोटी हाँगकाँगला. चोरांनी एटीएम आणि बँक यांना जोडणारा खरा स्विच बाजूला ठेवून मधे आपला खोटा बसवला होता. एटीएमची विचारणा मुख्य बँकिंग प्रणालीपर्यंत पोचलीच नाही, खोटा स्विचच "द्या पैसे" म्हणत राहिला. जे उत्तर आलं ते खरं मानायचं, दुसऱ्या वहीशी ताडायचं नाही, ही डिझाइनमधली फट होती. तुमच्याकडे एटीएम नाही, पण पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्यापर्यंत पोचवणारी सेवा) असेल. गेटवेची सेटलमेंट फाइल (त्याने जमा केलेल्या रकमांची यादी), बँकेचं स्टेटमेंट आणि आपली खतावणी हे तिन्ही रोज जुळलेच पाहिजेत. हे काम करणारा प्रोग्राम फायरवॉलच्या आधी लिहा.

नल_पॉइंटर

खतावणी यांनी आतलं सांगितलं, मी दारातलं सांगतो.

ती १५ लाखांची बातमी पुढे वाचली तर यशस्वी हल्ले १५० म्हटलेत. त्यातला ठळक प्रकार संकेतस्थळांचं विद्रूपीकरण, कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचं संकेतस्थळ त्या यादीत होतं. यावर उपाय स्वस्त आहे. पतसंस्थेचं माहितीचं संकेतस्थळ (संचालकांचे फोटो, ठेवींचे दर, वार्षिक सभेची सूचना) साध्या स्थिर पानांचं करा, वेगळ्या होस्टिंगवर ठेवा, त्याचा पासवर्ड आणि सर्व्हर मुख्य ॲपपासून पूर्ण वेगळा. कोणी मुखपृष्ठ बदललंच तर दहा मिनिटांत परत चढवता येतं, आणि खात्यांना त्याचा स्पर्शही होत नाही.

मुंबईतल्या सभासदाचे पैसे जातात ते व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीके (अँड्रॉइड ॲपच्या) फाइलने. वाहतूक चलन, गॅस बिल, लग्नपत्रिका, कुठल्याही नावाने येते. उघडली की एसएमएस वाचायची, नोटिफिकेशनची किंवा ॲक्सेसिबिलिटीची (पडदा वाचायची आणि चालवायची) परवानगी मागते. ती दिली की ओटीपी ज्या क्षणी फोनमध्ये येतो त्याच क्षणी दुसरीकडे जातो. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी देताना अडथळा आहे, पण ड्रॉपर प्रकारची, म्हणजे आत दुसरं ॲप लपवून आणणारी ॲप्स तो चुकवतात. म्हणजे ॲपही त्याच फोनवर आणि ओटीपीही त्याच फोनवर, असं असेल तर दुसरी किल्ली पहिलीच्याच जुडग्यात अडकवल्यासारखं आहे.

म्हणून ओटीपी ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. फोन नोंदवताना अँड्रॉइडच्या कीस्टोअरमध्ये (फोनमधल्या किल्ल्यांच्या तिजोरीत) डिजिटल सहीची किल्ली तयार करा. खाजगी किल्ली फोनबाहेर पडत नाही आणि प्रत्येक व्यवहारावर तिची सही असते. नवीन फोन नोंदला तर पहिले २४ तास ट्रान्सफरची मर्यादा लहान, ₹२,००० पुरे. नवीन लाभार्थी जोडला तरी तेच. जुन्या फोनवर आणि नंबरवर "तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडलं गेलंय" असा निरोप, सोबत शाखेचा नंबर. चोराला घाई असते, त्याला एक दिवस थांबवलं की बराचसा खेळ संपतो. सभासद तक्रार करतील, करू द्या.

ओटीपीचं गणित: सहा अंक म्हणजे दहा लाख शक्यता. चुकांवर मर्यादा नसेल आणि कोणी सेकंदाला १०० प्रयत्न केले तर पाच मिनिटांत ३०,००० होतात, म्हणजे शंभरात तीन वेळा दार उघडतं. पाच चुकांनंतर तो ओटीपी बाद, मुदत तीन मिनिटं. मर्यादा खात्यावर लावा, नुसती आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) नको. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एका आयपीमागे हजारो ग्राहक बसलेले असतात. एक आयपी अडवली तर अख्खं लालबाग बाहेर राहील आणि चोर दुसऱ्या सिमवरून येईल. एसएमएसच्या मजकुरात रक्कम आणि कोणाला जातेय ते छापा आणि तो ओटीपी त्याच रकमेला बांधा. लॉगिनचा ओटीपी ट्रान्सफरला चालता कामा नये.

दोन चुका जवळपास प्रत्येक लहान संस्थेच्या ॲपमध्ये असतात. पावती क्रमांक १०४५ च्या जागी १०४६ टाकला की शेजाऱ्याची पावती दिसते. पावती शोधताना क्रमांकासोबत लॉगिनच्या सत्रातला सभासद क्रमांकही क्वेरीत हवा, पडद्यावरून आलेला नव्हे. आणि गेटवेची गुप्त किल्ली एपीकेमध्ये ठेवलेली असते. एपीके कोणीही उलगडून वाचू शकतो, पाच मिनिटांचं काम आहे.

यूपीआयबद्दल: ॲपवर "पेमेंट यशस्वी" असं पान आलं म्हणजे पैसे आले असं धरू नका. गेटवे तुमच्या सर्व्हरला जो निरोप पाठवतो त्याची सही तपासा, तीही मजकूर जसाच्या तसा असताना. जेसन (निरोपाचा मजकूर ज्या साच्यात येतो तो) वाचून पुन्हा बनवला की जागा किंवा क्रम बदलतो आणि सही चुकते. मग लोक वैतागून तपासणीच बंद करतात. तोच निरोप दोनदा-तीनदा येतो, हे गेटवेचं नेहमीचं वागणं आहे. गेटवेच्या व्यवहार क्रमांकावर युनिक बंधन (तोच क्रमांक दोनदा नको) घाला, दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. उत्तर आलंच नाही तर व्यवहार "प्रलंबित" ठेवा, "अयशस्वी" नको. सभासद दुसऱ्यांदा भरतो, रात्री दोन्ही जमा होतात आणि परताव्याचं झेंगट मागे लागतं.

लोकल_होस्ट

मायआयसॅमची क्वेरी आज चालवली. ४१२ व्हाउचर जुळत नाहीत. खतावणी, नमस्कार घ्या.

पिग्मीचं अवघड वाटतंय. प्रतिनिधी गाळ्यांच्या आत, पोटमाळ्यावर जातात, तिथे नेट नसतं. ऑफलाइन पावती द्यावीच लागते. तीच पावती दोनदा चढली तर? किंवा चढलीच नाही तर?

कल्याण_स्लो

पिग्मीतली खरी भीती हॅकरची नाही. पावती फाडली आणि पैसे संस्थेत आले नाहीत, ही आहे. पन्नास वर्षांपूर्वीही हीच होती. कागदी पावतीपुस्तकाला छापील क्रमांक का असतो? मधली पावती गायब झाली की कळावं म्हणून. तेच मोबाइलवर आणायचं.

प्रत्येक पावतीला फोनवरच एक यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा लांब क्रमांक) द्या आणि सर्व्हरवर त्यावर युनिक बंधन ठेवा. मग तीच पावती दहा वेळा चढवली तरी एकदाच जमा होते, आणि फोनला दर वेळी "मिळाली" हेच उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी एरर दिली तर ॲप ती पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. त्याशिवाय फोननुसार चढता क्रमांक: १, २, ३. सर्व्हरवर ४७ नंतर ४९ आला तर ४८ कुठे, हा प्रश्न त्याच संध्याकाळी शाखाधिकाऱ्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत यायला हवा. प्रत्येक पावतीत मागच्या पावतीचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) ठेवा, म्हणजे मधली काढून क्रमांक सरकवता येत नाहीत. फोन बदलला की क्रमांकमाला नवी, जुनी शाखेतून रीतसर बंद करायची.

वेळ दोन ठेवा, एक फोनची आणि एक सर्व्हरला पोचल्याची. फोनचं घड्याळ मागे करता येतं. दोन्हींतला फरक बारा तासांच्या वर गेला तर पावती स्वीकारा पण खूण करा. नाकारू नका, सभासदाने पैसे दिलेत.

ऑफलाइनला मर्यादा घाला. न चढवलेली रक्कम ₹२५,००० झाली किंवा रात्रीचे आठ वाजले की ॲपने नवीन पावती बंद करावी. आकडा शाखेच्या अनुभवाने ठरवा. प्रतिनिधीची हातातली रोकड आणि फोनमधली बेरीज दुसऱ्या दिवशी काउंटरवर जुळवायची, आणि ती रोकड घेणारा कारकून आणि पास करणारा अधिकारी वेगळे हवेत. ही अट डेटाबेसमध्ये घाला: नोंद करणारा आणि पास करणारा एकच यूजर असेल तर ओळच नको. एकाच पासवर्डवर चार जण काम करतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा पास करायला अधिकाऱ्याचं बोट किंवा हार्डवेअर टोकन ठेवा. मॉनिटरवर चिकटवलेल्या पासवर्डपुढे बाकी सगळं डिझाइन फुकट.

सगळ्यात मोठा पहारेकरी मात्र सभासद. पावती चढली की सर्व्हरवरून थेट त्याला एसएमएस जातो, प्रतिनिधीच्या फोनवरून नाही. खाली एक ओळ: "संध्याकाळपर्यंत हा संदेश आला नाही तर शाखेला कळवा." एसएमएसचं हेडर आणि मजकुराचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी यंत्रणेवर) नोंदवावा लागतो, त्याला वेळ लागतो, आजच अर्ज टाका. आणि खर्च मोजताना हे धरा: देवनागरी संदेश युनिकोडमध्ये जातो, एका भागात ७० अक्षरं, भाग जोडले तर प्रत्येकी ६७. इंग्रजीत १६०. रुपयाचं चिन्ह एक जरी टाकलं तरी इंग्रजी संदेशही युनिकोड होतो, म्हणून "रु." बरं. काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते. "पावती" म्हणजे तीन नव्हे, पाच. साचा लिहून आधी मोजा.

अर्थिंग

सर्व्हर तळमजल्यावर परळमध्ये? दर पावसात तुंबणारं हिंदमाता तिथून किती लांब? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, पण परळच्या तळमजल्यात पाणी यायला त्याच्या चौथा हिस्साही नको. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल थांबल्या, यूपीएसची गोष्ट सोडाच. ती सायबर हल्ल्याने गेली की माणसाच्या चुकीने, यावर राज्यातले मंत्री एक बोलले आणि केंद्रातले दुसरं. डिझाइन करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही. वीज गेली तर शाखा किती वेळ वहीवर चालेल आणि वहीतलं नंतर कसं चढेल, एवढं ठरलेलं हवं.

आता रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम. जून २०१७ मध्ये नॉटपेट्याचा रोख युक्रेनवर होता, तिथल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला, आणि न्हावा-शेवाला जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. उरणमधल्या ट्रकवाल्यांचं युक्रेनशी काय वैर? तेव्हा "आपल्याला कोण कशाला मारेल" हा प्रश्नच चुकीचा. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर हल्ला झाला तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडलं आणि जवळपास ३०० लहान बँकांचं यूपीआय-एटीएम बंद पडलं. त्यांनी स्वतः काही चुकीचं केलं नव्हतं. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार शिरकाव चुकीच्या पद्धतीने लावलेल्या एका जेनकिन्स सर्व्हरमधून झाला. म्हणजे कोड बनवायचं यंत्रच दार ठरलं.

त्यातून तुमच्यासाठी: तुमचं बिल्ड सर्व्हर (कोडचं चालणारं सॉफ्टवेअर बनवणारं मशिन) इंटरनेटवर उघडं नको, व्हीपीएनमागे (खाजगी बंद जोडणीमागे) ठेवा. विक्रेत्यांना दूरस्थ प्रवेश कायमचा देऊ नका. मागितल्यावर, शाखेतल्या माणसाने चालू करून, काम झाल्यावर बंद. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट राउटरवर उघडा असेल तर हे वाचायचं थांबवा आणि आधी तो बंद करा.

बॅकअप सर्व्हरने मुख्य सर्व्हरकडून ओढून घ्यावा. मुख्य सर्व्हरला बॅकअपच्या जागी लिहायचा अधिकार असला की रॅन्समवेअर दोन्ही लॉक करतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक बाहेर. बाहेरची क्लाउडवर ठरावीक मुदतीपर्यंत पुसता न येणारी ठेवा. शिवाय दोन हार्ड डिस्क, आलटून पालटून, भांडुप शाखेत वरच्या मजल्यावर, काम झालं की काढून कपाटात. पण परत उभा करून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न उघडलेलं पाकीट. दर महिन्याला एकदा रिकाम्या मशिनवर उभा करा, त्यावरून तेरीज काढा, त्या दिवशीच्या छापील तेरजेशी ताडा, आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. सहा तास लागले तर संचालकांना "सहा तास बंद" हा आकडा आधीच माहीत हवा.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू धरून चला. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. सहा तासांचा अर्थ असा की फोन कोणी करायचा, मेल कोणी लिहायचा हे आत्ताच कागदावर हवं. लॉगमध्ये कोणी, कधी, कुठल्या मशिनवरून, कोणाचं खातं पाहिलं ते ठेवा, मात्र ओटीपी, पासवर्ड, पूर्ण आधार क्रमांक कधीही नको. आधारचे शेवटचे चार अंक पुरतात. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याचा दंड ₹२५० कोटींपर्यंत आहे. तुमच्यावर तेवढा कोणी लावणार नाही, पण झेरॉक्सचे गठ्ठे स्कॅन करून सर्व्हरवर ओतण्याआधी आठवा.

खतावणी

अर्थिंग, बॅकअपचं शंभर टक्के मान्य. पण मग मुख्य सर्व्हर परळमध्ये ठेवायचाच कशाला? मुंबईतल्याच एखाद्या क्लाउड रीजनमध्ये हलवा. पाणी, वीज, चोरी, तिन्ही कटकटी जातात. तिघांच्या टीमने हार्डवेअर सांभाळू नये.

अर्थिंग

हलवा, पण दोन गोष्टी पाहून. भांडुपचं नेट गेलं की काउंटर बंद, म्हणून प्रत्येक शाखेत दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन, एक फायबर आणि एक ४जी राउटर. आणि क्लाउडच्या मुख्य खात्याचा पासवर्ड एका डेव्हलपरच्या वैयक्तिक ईमेलवर नको. तो माणूस नोकरी सोडतो आणि संस्था आपल्याच डेटाच्या दाराशी उभी राहते. संस्थेच्या नावाचं ईमेल, दोन हार्डवेअर किल्ल्या, एक अध्यक्षांच्या आणि एक सचिवांच्या तिजोरीत.

नल_पॉइंटर

फायरवॉलवाल्या संचालकांना अगदीच रिकाम्या हाताने पाठवू नका. शाखांमध्ये साधा, अपडेट मिळणारा फायरवॉल लागतोच. काउंटरची मशिन्स, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच नेटवर्कवर असतं, ते तीन वेगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच तारेवरच्या वेगळ्या नेटवर्कांत) टाका. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डर) बहुतेक ठिकाणी कारखान्यातल्याच पासवर्डवर असतो आणि काउंटरच्या शेजारच्याच नेटवर्कवर बसलेला असतो.

आणि शाखेत मोठ्या अक्षरांत १९३०, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर, लावा. फसलेला सभासद आधी शाखेत धावत येतो. काउंटरवरच्या मुलीने पहिली दहा मिनिटं अर्ज लिहून घेण्यात घालवू नयेत, आधी १९३० ला फोन लावून द्यावा. ॲपमध्येही "माझं खातं आत्ता गोठवा" असं एक बटण, लॉगिनआधीच्या पानावर. त्यासाठी सभासद क्रमांक आणि नोंदलेल्या नंबरवरून मिस्ड कॉल पुरे. गोठवणं सोपं, उघडणं शाखेत येऊन. कोणी खोडसाळपणे गोठवलं तर एक फेरी पडेल, एवढंच.

लोकल_होस्ट

संचालकांपुढे ठेवायला पुरेसं झालं. पहिल्या टप्प्यात लेखा मॉड्यूल, तिहेरी जुळवणी, क्लाउड आणि बॅकअप घेतो. ॲपमधलं ट्रान्सफर दुसऱ्या टप्प्यात. जुनं आणि नवं किती दिवस समांतर चालवावं?

खतावणी

एक तिमाही अखेर मधे आली पाहिजे, कारण व्याज तेव्हाच पडतं. रोज दोन्हींची तेरीज छापा. सलग तीस दिवस पैशानं पैसा जुळली आणि तिमाहीचं व्याज जुळलं की जुनं फक्त वाचण्यापुरतं ठेवा. ४१२ व्हाउचर निकालात निघाल्याशिवाय समांतर सुरू करू नका, रोज तोच फरक दिसेल आणि चौथ्या दिवसापासून कोणी बघणार नाही.

कल्याण_स्लो

मराठीतले दोन सापळे राहिले, ते सांगून टाकतो.

पहिला नावांचा. "गोऱ्हे" मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या र नंतर हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एनएफसी नॉर्मलायझेशन (युनिकोड मजकूर एकसारखा करण्याची ठरलेली पद्धत) केलं तरी ते एक होत नाहीत. त्यामुळे एकच सभासद दोनदा नोंदला जातो किंवा शोधल्यावर सापडत नाही. शोधासाठी वेगळा रकाना ठेवा, त्यात ऱ चा र करा, झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (तसंच न दिसणारं तोडचिन्ह) काढून टाका. मूळ नाव जसं दिलंय तसंच राहू द्या. जुना डेटा हलवण्याआधी या रकान्यावर एकदा दुबार नावं शोधा.

दुसरा आकड्यांचा. प्रतिनिधीच्या फोनची भाषा मराठी असेल तर अँड्रॉइडवर स्ट्रिंग फॉरमॅट करताना २०० हा आकडा देवनागरीत बाहेर पडतो. पीएचपीमध्ये रेगेक्सला (मजकूर तपासायच्या नमुन्याला) युनिकोडचा यू मॉडिफायर लावलेला असेल तर अंकांची तपासणी तो पास करते, आणि पुढे इंटमध्ये (पूर्णांकात) बदलताना त्याचा शून्य होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, दोनशेची पावती शून्याची. ॲपमधून सर्व्हरला जाणारी रक्कम स्ट्रिंग म्हणून पाठवूच नका, जेसनमध्ये पैशांतला पूर्णांक पाठवा, आणि जिथे फॉरमॅट करावंच लागतं तिथे लोकेल रूट (कुठल्याही भाषेची नसलेली सेटिंग) द्या. सर्व्हरवर शून्य किंवा उणे रकमेची पावती डेटाबेसच्याच चेक बंधनाने नाकारा. चाचणीसाठी एक फोन कायम मराठी भाषेत ठेवा, टीममधल्या सगळ्यांचे फोन इंग्रजीत असतात म्हणून हे सापडत नाही.